खुर्चीपूर्वीची परीक्षा

दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांचा खेळ पाहताना प्रेक्षकांची दृष्टी साहजिकच त्या एका खुर्चीवर खिळलेली असते. प्रश्न येतो, चार पर्याय समोर उभे राहतात, स्पर्धक क्षणभर विचारात पडतो. आणि इकडे घरी बसलेले आजोबा, सून, शाळकरी नातू असे सारेच आपापले उत्तर मोठ्याने सांगू लागतात. उत्तर बरोबर ठरले की त्यांच्यापैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "हे तर मलाही ठाऊक होते!" हे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. मग घरी बसून अचूक उत्तर देणारा त्या खुर्चीवर का नसतो, आणि जो त्या खुर्चीवर बसला आहे तो तेथवर पोहोचला तरी कसा? हा प्रश्न खेळात कधी विचारला जात नाही. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा होय.

भारतातील 'कौन बनेगा करोडपती' ह्या कार्यक्रमाचे उदाहरण ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ह्या खेळाचे मूळ ब्रिटनमधील. ४ सप्टेंबर १९९८ रोजी तेथे 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर?' ह्या नावाने तो प्रथम दाखविला गेला. भारतात तो ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर अवतरला आणि श्री. अमिताभ बच्चन ह्यांच्या भारदस्त वाणीने तो घरोघर पोहोचला. २००७ सालचे एक पर्व श्री. शाहरुख खान ह्यांनी चालविले. २०१० पासून हा कार्यक्रम सोनी वाहिनीकडे गेला. मराठीतही २०१३ साली श्री. सचिन खेडेकर ह्यांच्या सूत्रसंचालनाखाली 'कोण होईल मराठी करोडपती' सुरू झाला, आणि २०१९ साली श्री. नागराज मंजुळे ह्यांनी 'कोण होणार करोडपती' ह्या नावाने तो सोनी मराठीवर पुढे नेला.

प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम भारतात त्यापूर्वी नव्हते असे नाही. १९८५ साली दूरदर्शनवर श्री. सिद्धार्थ बसू ह्यांचा 'क्विझ टाइम' लोकप्रिय झाला होता. परंतु तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संघांचा सामना होता आणि त्याची भाषा इंग्रजी होती. पुढे ह्याच बसूंच्या संस्थेने 'कौन बनेगा करोडपती'ची निर्मिती केली, तेव्हा खेळाचे स्वरूप पालटले. भाषा हिंदी झाली. महाविद्यालयाचे शिफारसपत्र नको, पदवी नको, ओळखदेख नको. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या भारताच्या कोणाही नागरिकाने प्रश्नाचे उत्तर कळवावे, एवढीच पहिली अट. ज्या समाजात लहानसहान नोकरीसाठीही वशिला शोधावा लागतो, त्या समाजात असे एक दार सताड उघडे राहावे ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि, दार उघडे असले तरी वाट सोपी नाही. ह्या वाटेवर तीन चाळण्या आहेत, आणि त्यानंतर एक शर्यत आहे.

पहिली चाळण नावनोंदणीची. नवे पर्व सुरू होण्यापूर्वी काही दिवस रोज रात्री वाहिनीवरून एक प्रश्न विचारला जातो. प्रारंभीच्या काळात ह्याचे उत्तर दूरध्वनीवरून द्यावे लागे. पुढे एसएमएस आला आणि आता मोबाइलवरील ॲपद्वारेही उत्तर कळविता येते. हा प्रश्न मुद्दाम सोपा ठेवलेला असतो. शाळेत गेलेल्या बहुतेकांना त्याचे उत्तर येते. त्यामुळे अचूक उत्तर देणाऱ्यांची संख्या फार मोठी होते आणि त्यांतून पुढे कोणाला घ्यावयाचे हे संगणकाच्या सोडतीवर सोपवावे लागते. म्हणजेच ह्या चाळणीत ज्ञानाचा भाग अल्प आणि दैवाचा भाग मोठा. ही गोष्ट इच्छुकाने प्रथमच ध्यानी घेतली पाहिजे. कारण उत्तर बरोबर पाठवूनही बोलावणे आले नाही म्हणून खट्टू झालेली माणसे पुष्कळ असतात. 'आपल्याला काही येत नाही' असा निष्कर्ष ती काढतात आणि पुढच्या वर्षी प्रयत्न सोडून देतात. वस्तुतः त्यांच्या ज्ञानाची परीक्षा अजून झालेलीच नसते.

दुसरी चाळण ज्ञानाची. सोडतीत ज्यांचे नाव निघते त्यांना दूरध्वनी येतो आणि त्याच वेळी काही प्रश्न विचारले जातात. माणूस शेतावर असो, बाजारात असो वा बसमध्ये उभा असो, उत्तर तत्काळ द्यावे लागते. त्यातून निभावलेल्यांना निवडचाचणीसाठी, म्हणजे प्रचलित शब्दात ऑडिशनसाठी, ठरलेल्या शहरी बोलावण्याची पद्धत होती. तेथे सामान्यज्ञानाची प्रश्नपत्रिका सोडवावी लागे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे ही सारी निवड मोबाइलच्या माध्यमातून घरबसल्या घेण्यात आली. पद्धत कोणतीही असो, येथे दैवाचे राज्य संपते. इतिहास, भूगोल, राज्यघटना, पुराणकथा, विज्ञान, क्रीडा, चित्रपट आणि चालू घडामोडी असा प्रश्नांचा पसारा असतो. एका विषयात पारंगत असणाऱ्यापेक्षा अनेक विषयांत थोडथोडी गती असणाऱ्याचा येथे निभाव लागतो. रोजचे वर्तमानपत्र लक्षपूर्वक वाचणारा आणि मुलांची शालेय पुस्तके पुन्हा चाळणारा गृहस्थ ह्या चाळणीतून पुष्कळदा पदवीधराच्या आधी पार पडतो.

तिसरी चाळण व्यक्तीची. आणि हिच्याविषयीच लोकांत सर्वांत अधिक गैरसमज आढळतो. लेखी परीक्षेनंतर इच्छुकाची मुलाखत घेतली जाते व तिचे चित्रीकरण होते. तो कोण, काय करतो, घरी कोण आहे, ह्या पैशाचे काय करणार, असे प्रश्न विचारले जातात. पुष्कळांना वाटते की येथे आपली दुःखे तिखटमीठ लावून सांगावीत, म्हणजे निवड होईल. कार्यक्रम करणाऱ्यांना बोलका, प्रेक्षकांच्या मनाची पकड घेणारा स्पर्धक हवा असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. अखेर तो दूरचित्रवाणीचा कार्यक्रम आहे, विद्यापीठाची परीक्षा नव्हे. परंतु मुलाखत घेणारी माणसे रोज शेकडो कहाण्या ऐकत असतात. बनावट आसवे त्यांना चटकन ओळखू येतात. उलट, जो आपले साधे जीवन साध्या शब्दांत आणि न अडखळता सांगतो, त्याच्याविषयी विश्वास वाटतो. शिवाय मुलाखतीत रंगवून सांगितलेली गोष्ट पुढे लाखो लोकांसमोर निभावून न्यावी लागते, हेही विसरून चालणार नाही.

प्रेक्षकांचे मन जिंकण्याची ही ओढ मर्यादेबाहेर गेली तर काय होते ह्याचा धडा अमेरिकेने फार पूर्वी घेतला आहे. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या 'ट्वेंटी-वन' नावाच्या प्रश्नमंजूषेत निर्मात्यांना श्री. हर्बर्ट स्टेम्पल ह्या स्पर्धकापेक्षा देखणे व सुसंस्कृत प्राध्यापक श्री. चार्ल्स व्हॅन डोरेन अधिक आकर्षक वाटले. स्टेम्पल ह्यांना मुद्दाम हरावयास सांगण्यात आले आणि व्हॅन डोरेन ह्यांना उत्तरे आधीच पुरविली गेली. लक्षावधी प्रेक्षक ह्या विद्वानाचे कौतुक करीत राहिले. अखेर नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर व्हॅन डोरेन ह्यांनी स्वतःच सारे कबूल केले. त्यानंतर १९६० साली कायदा दुरुस्त होऊन अशी फसवणूक गुन्हा ठरली. स्पर्धकाला प्रश्नांचा सुगावाही लागू नये म्हणून अशा कार्यक्रमांतून आज जी दक्षता घेतली जाते, तिच्यामागे हा इतिहास आहे. स्पर्धक निवडताना त्याचे व्यक्तिमत्त्व पाहिले तर बिघडत नाही. उत्तर मात्र त्याचे स्वतःचेच असले पाहिजे.

ह्या तिन्ही चाळण्यांतून पार पडलेले स्पर्धक मुंबईच्या स्टुडिओत येतात, तेव्हाही खुर्ची त्यांची झालेली नसते. तेथे 'फास्टेस्ट फिंगर फर्स्ट' ही शर्यत असते. बहुतेक पर्वांत दहा स्पर्धक अर्धवर्तुळात बसविले जात. दिलेले चार पर्याय योग्य क्रमाने लावावयाचे, आणि बरोबर क्रम सर्वांत कमी वेळात लावील त्याने हॉट सीटवर जावयाचे, असा हा खेळ. वेळेची मोजणी सेकंदाच्या शतांशांपर्यंत होते. उत्तर येत असूनही बोट थरथरले, पर्याय वाचताना क्षणभर अडखळले, की दुसराच कोणी पुढे निघून जातो. वर्षानुवर्षांची तयारी येथे काही सेकंदांवर येऊन ठेपते.

कोल्हापूरच्या श्रीमती कविता चावला ह्यांची कहाणी ह्या संदर्भात विशेष बोलकी आहे. बारावीपर्यंत शिकलेल्या ह्या गृहिणी २००० सालापासून, म्हणजे कार्यक्रमाच्या आरंभापासून, त्यात जाण्याचा प्रयत्न करीत होत्या. मुलाला शिकविता शिकविता त्या स्वतःही शिकत राहिल्या. २०२१ साली त्या एकदाच्या स्टुडिओपर्यंत पोहोचल्या. परंतु शर्यतीत मागे पडल्या आणि हॉट सीटवर न बसताच त्यांना परतावे लागले. इतक्या जवळ जाऊन हात रिकामे राहिले असता कोणीही कपाळाला हात लावला असता. त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा नाव नोंदविले. २०२२ साली त्या खुर्चीवर बसल्या, १ कोटी रुपये जिंकल्या आणि त्यापुढील साडेसात कोटींच्या प्रश्नाचे उत्तर खात्रीने येत नाही हे जाणून त्यांनी खेळ तेथेच थांबविला. बावीस वर्षांच्या ह्या प्रयत्नांत सोडतीने त्यांना कितीदा तरी नाकारले असेल. पण त्या नकाराचा अर्थ त्यांनी स्वतःच्या बुद्धीला लावून घेतला नाही.

तयारी एका हेतूने केलेली असावी आणि तिचे फळ दुसऱ्याच ठिकाणी मिळावे, ह्याचे उदाहरण मुंबईचे श्री. हर्षवर्धन नवाथे. २००० साली ते ह्या कार्यक्रमाचे पहिले कोट्यधीश झाले. त्या वेळी ते सनदी सेवेच्या स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करीत होते. त्यांना विचारलेला अखेरचा प्रश्न संसदेच्या कामकाजात कोणाला भाग घेता येतो ह्याविषयीचा, म्हणजे राज्यघटनेवरचा होता, आणि 'ॲटर्नी जनरल' हे त्याचे उत्तर होते. परीक्षेसाठी केलेला अभ्यास असा अकस्मात उपयोगी पडला. मिळालेल्या धनाचा विनियोग त्यांनी ब्रिटनमध्ये जाऊन व्यवस्थापनशास्त्र शिकण्यासाठी केला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील श्रीमती बबिता ताडे ह्या खुर्चीवर बसल्या, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राचे लक्ष तिकडे वेधले गेले. शाळेतील मुलांसाठी मध्यान्ह भोजनाची खिचडी शिजविणे हे त्यांचे काम, आणि त्याबद्दल त्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळत. त्यांनी १ कोटी रुपये जिंकले आणि ७ कोटींच्या प्रश्नावर त्या थांबल्या. तेथे उत्तर चुकले असते तर १ कोटीवरून ३ लाख २० हजारांवर यावे लागले असते. चुलीपुढे बसून वाचलेल्या-ऐकलेल्या गोष्टी जिने मनात जपून ठेवल्या, तिला कुठे थांबावे ह्याचीही जाण होती.

ह्याच्या जोडीला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बिहारमधील मोतिहारीचे श्री. सुशील कुमार २०११ साली ५ कोटी रुपये जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. ज्या भोजपुरी प्रदेशातून मॉरिशसला शर्तबंद मजुरांचे तांडे आले, त्याच प्रदेशातील चंपारण्यातले हे गाव. सुशील कुमार तेथे ग्रामीण रोजगार योजनेत महिना ६,००० रुपयांवर संगणकचालक होते. निकोबार बेटांवरील हक्क १८६८ साली ब्रिटिशांना विकून कोणत्या सत्तेने आपला भारतीय कारभार संपविला, ह्या अखेरच्या प्रश्नाला त्यांनी 'डेन्मार्क' हे अचूक उत्तर दिले. मात्र खेळातील बक्षिसावर भारतात ३० टक्के दराने आयकर मुळातच कापला जातो, वर अधिभार असतो. त्यामुळे हाती येणारी रक्कम जाहीर झालेल्या आकड्याहून पुष्कळ कमी असते. पुढे काय झाले ते त्यांनीच २०२० साली प्रांजळपणे लिहून प्रसिद्ध केले. दानाच्या नावाखाली लोकांनी त्यांना फसविले, प्रसिद्धीच्या भरात निर्णय चुकले, व्यसने जडली, घरात कलह माजला. त्यातून ते स्वतःच्या निश्चयाने बाहेर आले, व्यसने सोडली, चंपारण्यात चाफ्याची रोपे लावण्याचे कार्य हाती घेतले आणि शिक्षकी पेशाकडे वळले. बक्षीस हाती आल्यावर काय करावयाचे, ह्याची चाचणी कोणतीही वाहिनी घेत नाही. तो विचार इच्छुकाने घरच्या वडीलधाऱ्यांसह नाव नोंदवितानाच केलेला बरा.

ह्या कार्यक्रमाच्या नावाचा गैरवापर करणाऱ्या लबाडांपासूनही सावध राहावे लागते. 'आपल्याला पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे' असा निरोप मोबाइलवर येतो. त्यात कार्यक्रमाचे बोधचिन्ह असते, मोठ्या लोकांची छायाचित्रे असतात, आणि मग कर वा शुल्क म्हणून पैसे भरावयास सांगितले जाते. अनेक भोळ्या माणसांनी असे पैसे घालविले आहेत. खूणगाठ एवढीच बांधावी की ज्या स्पर्धेत आपण नाव नोंदविले नाही तिचे बक्षीस लागत नसते, आणि खऱ्या निवडीत बक्षीस मिळण्याआधी कोणी पैसे मागत नाही.

मॉरिशसमधील मराठी तरुणाला ह्या भारतीय कार्यक्रमात थेट नाव नोंदविता येत नाही, कारण तो भारताच्या नागरिकांसाठी आहे. मग ह्या साऱ्याचा येथील वाचकांशी संबंध कोणता? तो संबंध निवडीच्या कसोटीशी आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, आणि त्यानंतरच्या काळात कोकण-देशावरून मराठी माणसेही मुंबई बंदर सोडून ह्या बेटावर आली. त्यांचीही निवड झाली होती. पण ती दंडातले बळ पाहून. उसाच्या मळ्यात ती किती राबतील हे पाहिले गेले. त्यांना काय ठाऊक आहे हे कोणी विचारले नाही. अभंग मुखोद्गत असलेला, नक्षत्रे ओळखणारा, झाडपाल्याची औषधे जाणणारा माणूसही नोंदवहीत केवळ एका क्रमांकाने ओळखला गेला. दिवसभराच्या कष्टांनंतर संध्याकाळी बैठकांमधून त्यांनी मुलांना अक्षरे शिकविली, कथा सांगितल्या, प्रश्न विचारले आणि उत्तरे पाठ करून घेतली. त्या वेळी ह्या उत्तरांना कोणतेही पारितोषिक नव्हते. पुढे त्याच मजुरांची नातवंडे-पतवंडे सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून 'लॉरिएट' म्हणून परदेशी विद्यापीठांत गेली, ह्याचा पाया त्या बैठकांतच घातला गेला होता.

म्हणून खिचडी शिजविणारी एक भगिनी वा सहा हजारांवर राबणारा एक तरुण लाखो लोकांसमोर आपल्या माहितीच्या बळावर मान ताठ ठेवून बसतो, तेव्हा गिरमिटियांच्या वंशजांना त्यात काही ओळखीचे दिसावे हे स्वाभाविकच आहे. ज्यांना कधी कोणी विचारले नाही, त्यांना येथे विचारले जात असते.

आपल्या मंडळांतून गणेशोत्सवाच्या वा वार्षिक संमेलनाच्या निमित्ताने प्रश्नमंजूषा होतात, त्यांनाही ह्या अनुभवातून काही घेता येईल. स्पर्धक निवडताना नेहमीच्याच चार हुशार मुलांना बोलावण्याऐवजी सर्वांसाठी एक सोपा प्रश्न ठेवून सोडत काढावी. म्हणजे मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्यालाही एकदा संधी मिळेल. प्रश्न मराठीतून विचारावेत, आणि त्यांत पुस्तकी माहितीबरोबर आजीला ठाऊक असलेल्या गोष्टींनाही स्थान द्यावे. घरातील वृद्धांना मुलांच्या जोडीने बसवावे. जो हरेल त्याला पुढील वर्षी पुन्हा नाव देण्याचा आग्रह करावा. कोल्हापूरच्या त्या गृहिणीला खुर्चीपर्यंत पोहोचावयास बावीस वर्षे लागली. परंतु त्या काळात जे वाचन झाले, मुलासह जो अभ्यास झाला, तो खुर्ची मिळाली नसती तरी तिच्या घरातच राहिला असता. सोडत कोणाच्या हाती नसते. रोज संध्याकाळी मुलांजवळ बसून एक नवी गोष्ट शिकणे मात्र प्रत्येक घराला शक्य आहे.